चिलटांचा दहा दिवसांचा हिशेब

नंदुरबार जिल्ह्यात फळ घरी किलोनं येत नाही, पाटीनं येतं. शहाद्याकडे पपईच्या बागा आहेत. लांबच्या बाजारासाठी ट्रकमध्ये चढणारी पपई कडक, सालीवर पिवळी झाक नुकती उतरलेली अशीच लागते. झाडावर पिकलेलं, डागी, वेडंवाकडं फळ मागे राहतं. ते घरी येतं, भावकीत वाटलं जातं, सालदाराच्या घरी जातं. दिवाळीच्या आगेमागे तोरणमाळ-धडगावकडची सीताफळं टोपल्यांनी खाली उतरतात. उन्हाळा सरता सरता गावठी आंब्याची आढी आतल्या खोलीत पेंढ्यात घातलेली असते. केळीला तर हंगामच नाही. आणि एवढं सगळं घरात असलं की चार दिवसांत ती हजर होतात. पपई चिरायला घ्यावी तर सुरीच्या आधी चिलटं फळावर बसलेली, चहाच्या कपात एखादं बुडालेलं, कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं की भसकन तोंडावर उठणारी.

यावर घरोघरी जे काही केलं जातं ते बहुतेक हवेतल्या चिलटांशी लढणं असतं. टाळ्या वाजवायच्या, उदबत्ती लावायची, डासांचा फवारा मारायचा. दुसऱ्या दिवशी चिलटं तितकीच. मग चिलटं फार चिवट असतात असं म्हणून आपण सोडून देतो. खरं तर डोळ्यांना दिसणारं चिलट हा त्या खानदानाचा अगदी छोटा हिस्सा असतो. बाकीचे सगळे अंडी, अळ्या आणि कोष होऊन कुठल्यातरी ओल्या कोपऱ्यात वाढत असतात, आणि तिथवर ना टाळी पोचते ना फवारा. म्हणून काम उलट्या टोकाकडून सुरू करायचं. आधी ती ओल शोधायची, उडणाऱ्यांकडे मागाहून बघायचं.

त्याही आधी, घरात उडतंय ते नक्की कोण, हे ठरवायला हवं. आपण ज्यांना सरसकट चिलटं म्हणतो त्यांत तीन-चार वेगळे जीव येतात, आणि प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळ्या ठिकाणी असतं.

फळावरचं चिलट अडीच-तीन मिलिमीटरचं, पिवळट तपकिरी. पोटावर काळसर आडवे पट्टे, आणि उजेडात नीट पाहिलं तर विटकरी लाल डोळे. उडतं सावकाश, हाकललं की गोल चक्कर मारून पुन्हा तिथंच बसतं. शास्त्रात याला ड्रोसोफिला म्हणतात. यात जाती पुष्कळ. मेलॅनोगॅस्टर ही जगभर नावाजलेली, अननासी ही आपल्याकडच्या घरांत सर्रास वावरणारी. केळीच्या घडावर कधी डोक्यापासून पाठीपर्यंत चांदीच्या रेघा ओढल्यासारखं, जरा थोराड चिलट दिसलं तर ते झाप्रिओनस इंडिअनस. त्याचं शास्त्रीय वर्णन १९७० साली भारतात सापडलेल्या नमुन्यांवरून झालं, म्हणून नावात इंडिअनस. पुढे १९९९ मध्ये ते ब्राझीलमध्ये आढळलं आणि तिथल्या अंजिरांवर तुटून पडलं. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ते बाकीच्यांसारखंच वागतं, आणि घालवायची रीतही सगळ्यांची एकच.

दुसरी मोरीतली माशी. राखाडी, केसाळ, पंखांचा आकार बदामासारखा. ती भिंतीवर नुसती बसून राहते, हात लावायला गेलं तर फूटभर उडून पुन्हा भिंतीलाच चिकटते. तिला फळांशी देणंघेणं नाही, ती मोरीच्या नळीत साचलेल्या बुळबुळीत थरात वाढते. तिसरी कुंड्यांतली, काळी, बारीक, डासासारख्या लांब पायांची. तुळशीला किंवा मनीप्लांटला रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरांत ती असायचीच. माती वरून दोन बोटं सुकू द्यावी, मगच पाणी घालावं, तिचा बंदोबस्त एवढाच. आणि चौथी गुरांच्या, लहान पोरांच्या डोळ्यांसमोर घोंघावणारी. तिलाही आपण चिलटंच म्हणतो. ती डोळ्यांतल्या पाण्यावर येते आणि डोळ्यांची साथ पसरवण्यात तिचा हात असतो. फळांवरच्या चिलटांशी तिची गल्लत करू नये.

फळ की मोरी असा संशय असेल तर साधी परीक्षा आहे. रात्री भांडी आवरल्यावर मोरीची जाळी पुसून कोरडी करायची आणि तिच्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावायची, चिकट बाजू खाली. पूर्ण झाकायची नाही, हवा जायला थोडी फट ठेवायची. सकाळी पट्टी उलटून पाहायची. खालून वर येऊ पाहणारे कोण आहेत ते पट्टीवरच कळतं. एका रात्रीत काही चिकटलं नाही म्हणून मोरी निर्दोष सोडू नये, आणखी दोन-तीन रात्री बघावं.

आता चिलटाचं आयुष्य, कारण सगळा इलाज त्यावर बेतलेला आहे. मादी आंबू लागलेल्या फळाच्या सालीतल्या चिरेत, देठाच्या खाचेत, डागाच्या कडेला अंडी घालते. अंडं अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, आणि त्याला पुढच्या बाजूनं दोन बारीक दांड्या असतात. अंडं फळाच्या लगद्यात रुतलेलं असलं तरी या दांड्या वर राहतात आणि त्यातून त्याला हवा मिळते. साधारण २५ अंश सेल्सियसला एका दिवसात अळी बाहेर येते. चार-पाच दिवस ती खात राहते, दोनदा कात टाकते. मग तिला कोरडी जागा हवी होते. ओला लगदा सोडून ती वर चढते आणि टोपलीच्या काठाला, डब्याच्या झाकणाच्या आतल्या कडेला, बाटलीच्या गळ्याला चिकटून कोष करते. कोष म्हणजे तीन मिलिमीटरचा तपकिरी दाणा, टोकाला दोन शिंगं. आणखी चार-पाच दिवसांनी त्यातून फिकट, पंख चुरगळलेलं चिलट बाहेर पडतं. काही तासांत त्याचा रंग गडद होतो, पंख सरळ होतात. दिवसभरात त्याचा जोडा जुळतो, आणि मादी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडी घालू लागते. सगळं सोयीचं असेल तर एक मादी आयुष्यात चारशेच्या आसपास अंडी घालू शकते.

अंड्यापासून चिलटापर्यंत दहा दिवस. हा आकडा लक्षात ठेवायचा. आज सकाळी घरातलं उडणारं एकूण एक चिलट मारलं, तरी काल घातलेलं अंडं पुढच्या आठवड्यात उडणारच आहे. आणि याच आकड्याची दुसरी बाजू अशी की ओली जागा काढून टाकून दहा-बारा दिवस तशी राखली तर नवं चिलट यायला जागाच उरत नाही.

तापमान कमी-जास्त झालं की दिवसही बदलतात. १८ अंशांना हेच चक्र जवळपास दुप्पट लांबतं, म्हणून जानेवारीत, तोरणमाळसारख्या थंड जागी तर नक्कीच, चिलटं मंदावतात. दुसऱ्या टोकाला, तीस अंशांच्या पुढे मेलॅनोगॅस्टरचे नर वांझ होऊ लागतात. मे महिन्यात नंदुरबार शहरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा बाहेर चिलटं जवळजवळ नसतात. पण माठाशेजारची थंड खोली आणि तिथली आंब्याची आढी त्यांना तगून राहायला पुरते. जूनच्या पहिल्या पावसानं हवा निवली की तीच शिल्लक फौज बाहेर पडते. पाऊस ओसरताना पपई आणि सीताफळ लागोपाठ घरात येतात. तेव्हा हवाही बेताची आणि खाणंही भरपूर, म्हणून तक्रार खरी ऑक्टोबर-नोव्हेंबरची.

चिलट फळासाठी येतं असं आपण समजतो. ते येतं आंबण्यासाठी. पिकलेल्या फळाच्या सालीवर, जिथं खरचटलं असेल तिथं, यीस्ट वाढतं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, म्हणजे सिरका. या आंबट-गोड वासावर चिलट लांबून येतं, आणि अळीचं मुख्य अन्न म्हणजे तो लगदा नव्हे, त्यातलं यीस्ट. हा वास चिलटाला कळतो कसा, हे उलगडण्यातलं सुरुवातीचं मोठं काम आपल्या मुंबईत झालं. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. तिथं त्यांनी आणि व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात वास आणि चव ओळखण्यात बिघाड असलेली चिलटं हुडकून काढली, आणि कुठल्या जनुकामुळे कुठला वास हरवतो याचा माग घेतला. तसं चिलटाचं प्रयोगशाळेतलं वजन आधीपासूनच मोठं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांत पिकली केळी घालून चिलटं पाळत असत. १९१० मध्ये त्यांना लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचं सापडलं, त्यावरून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पुढे आलं आणि १९३३चं नोबेल मिळालं. २०१७चं नोबेलही चिलटांच्याच जिवावर, शरीरातल्या चोवीस तासांच्या घड्याळाबद्दल. आपल्या ओट्यावर ज्याला आपण फडक्यानं उडवतो त्याची योग्यता एवढी आहे, पण म्हणून त्याला पपईवर बसू द्यावं असं नाही.

वासाचं हे प्रकरण इलाजाच्या कामाचं आहे. चिलटाला सगळीच घाण आवडते असं नाही. ओल्या मातीचा, बुरशीचा जो वास असतो, पहिल्या पावसानंतर आपण छाती भरून घेतो तोच, त्याच्या मुळाशी जिओस्मिन नावाचं रसायन असतं आणि चिलट त्यापासून लांब पळतं. बुरशी फार चढलेलं फळ अळ्यांना विषारी ठरू शकतं, ही त्याची खूण. म्हणून हिरवी बुरशी धरलेलं लिंबू फेकून समाधान मानू नये. शोधायची जागा ती, जिथं आंबट-गोड, ताडीसारखा वास येतोय.

सातपुड्यातल्या बायांना आंबण्याचं हे गणित पुस्तकाशिवाय ठाऊक असल्यासारखी त्यांची कामं असतात. कैऱ्या सोलून, फोडी करून कडक उन्हात वाळवून धडगाव-अक्कलकुव्याकडे आमचूर होते. अंगणभर कैरी पसरलेली असते, पण फोडी आंबायच्या आत सुकतात, त्यामुळे चिलटांना त्यात काही मिळत नाही. मोहाची फुलं वेचून आणली की तीही लगेच पसरतात. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आला आणि फुलांचा ढीग भिजला की दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, आणि मग चिलटं. फूल तेच, फरक फक्त ओलीचा.

तर आता घरातली ओल. फळांची टोपली सगळ्यांना आठवते आणि शोध तिथंच संपतो. टोपली उचलून बाजूला ठेवा आणि खालचा कागद पाहा. पिकलेल्या पपईचा पाझर त्या कागदात मुरलेला असतो, कागद तळाला चिकटलेला असतो आणि अळ्या त्या दोघांच्या मध्ये असतात. पुढची जागा कांदे-बटाट्यांची. वरून सगळं ठणठणीत दिसतं, तळाशी एक बटाटा पाणी होऊन बसलेला असतो. स्वयंपाकघर रोज घासूनपुसून लख्ख ठेवणाऱ्या घरांतही चिलटांचं मूळ या एका बटाट्यात निघतं, हे मी कितीदा पाहिलं आहे. पाटी पूर्ण रिकामी करायची, कांदा-बटाटा एकेक हातात घेऊन दाबून बघायचा, पाटी धुऊन उन्हात ठेवायची.

मग कचऱ्याचा डबा. आत पिशवी लावलेली असते म्हणून डबा स्वच्छ आहे असं वाटतं. पिशवी काढून तळ पाहा, एखादा चमचा रस तिथं असतोच, आणि झाकणाच्या आतल्या कडेला ते तपकिरी दाणे. दाणे नुसते धुतल्यानं सुटत नाहीत, घासणीनं खरवडावे लागतात. गुरांसाठी खरकटं आणि साली टाकायची बादली मोरीजवळ असते, ती रोज गोठ्यात जाते पण रोज धुतली जात नाही. पाहुणे आले तेव्हाची सरबताची बाटली, तळाशी घोटभर राहिलेली, पलंगाखाली. ओला पोछा, बादलीच्या काठावर गोळा करून ठेवलेला. मिक्सरच्या भांड्याच्या पात्याखालची रबरी कडी. फ्रिजच्या मागे खाली पाणी गोळा होणारं पसरट भांडं. ओटा आणि भिंत यांच्यामधली फट, जिच्यात आंब्याचा रस एकदा ओघळला आणि पुसायचा राहिला. अळीला वाढायला फार लागत नाही, एका केळ्याच्या सालीत शेकडो सहज पोसतात.

एकाच दिवसात, शक्यतो सकाळी, हे सगळं उरकावं. आज टोपली, परवा डबा असं केलं तर चिलटं एका जागेवरून दुसऱ्या जागी बिऱ्हाड हलवतात.

मोरीचं काम निराळं. नळीच्या आतल्या भिंतीवर अन्नाच्या कणांचा, साबणाचा, तेलाचा जो थर बसतो त्यात अळ्या असतात. वरून फिनाईल ओतलं की ते थरावरून घसरून निघून जातं, वास तेवढा मागे राहतो. थर घासूनच काढावा लागतो. जाळी काढून बाटली धुवायचा लांब ब्रश आत घालायचा, जाईल तितका, आणि गोल फिरवत घासायचा. मग भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी सावकाश ओतायचं. अगदी उकळतं नको, प्लॅस्टिकच्या नळीचे सांधे ढिले पडतात. इथं एक गोष्ट ठासून सांगतो: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड एकापाठोपाठ एक मोरीत कधीही टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो माणसाला लोळवतो.

घरात येणाऱ्या फळाचं काय करायचं? बरीचशी अंडी बाजारातून, बागेतून फळाबरोबरच आलेली असतात. फळं आली की आधी निवडायची. चिरलेलं, दबलेलं, देठाशी ओलं झालेलं बाजूला, ते आजच खायचं किंवा गुरांना. बाकीची पाण्यात बुडवून हातानं चोळून धुवायची. पपईचा देठ जिथून तुटतो तिथला चीक आणि धूळ विशेष चोळायची, आणि केळीच्या फणीचा देठाकडचा भागही. मग फडक्यानं पुसून पूर्ण कोरडी करायची. ओली ठेवली तर धुण्याचा काही उपयोग नाही. सीताफळ मात्र धुऊन ठेवू नये, त्याच्या खाचांत पाणी अडकतं. ते कच्चं असताना पसरून ठेवावं आणि डोळे उघडून मऊ पडलं की त्याच दिवशी संपवावं. सीताफळ थांबत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको.

पिकलेली पपई फ्रिजमध्ये ठेवावी. थंडीत अंडी पुढे सरकत नाहीत. पिकलेली केळीही ठेवता येतात, साल काळी पडते, आतला गर चांगला राहतो. कच्ची केळी मात्र फ्रिजमध्ये घालू नयेत, मग ती धड पिकत नाहीत. फ्रिज नाही किंवा पाटीभर फळ आहे, तर टोपलीवर जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं कापड ताणून बांधावं, कडेला फट न ठेवता. डासांची जाळी पुरत नाही, तिच्या भोकांतून चिलट आरामात जातं. आणि झाकलेली टोपली रोज एकदा उघडून पाहायची. आढीतला एक आंबा नासला की शेजारचे दोन त्याच दिवशी ओले होतात.

इतकं झालं की मग सापळा. बहुतेक जण सुरुवात इथून करतात आणि वाटीत पंधरा-वीस बुडालेली चिलटं बघून खूश होतात. माझं मत विचाराल तर नुसता सापळा ही करमणूक आहे. घरात बटाटा सडत असताना तो लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. ओल काढल्यानंतर मात्र, उरलेल्या उडत्या माद्यांनी नव्या जागी अंडी घालू नयेत म्हणून, त्याचा चांगला उपयोग होतो. शिवाय सकाळी सापळ्यात किती सापडली यावरून काम कुठवर आलं ते समजतं.

करायची रीत अशी. काचेचा ग्लास किंवा लोणच्याची रिकामी बरणी घ्यायची. त्यात अर्धी वाटी पाणी, चमचाभर व्हिनेगर, सुपारीएवढा गूळ आणि जास्त पिकलेल्या केळ्याचा एक तुकडा कुस्करून. किराणा दुकानात मिळणारं पांढरं व्हिनेगर एकटं फारसं ओढत नाही, कारण त्यात आम्ल आहे पण पिकल्या फळाचे बाकीचे वास नाहीत. ती कसर केळं आणि गूळ भरून काढतात. त्यासाठी औषधाच्या दुकानातून सफरचंदाचा महागडा सिरका आणायची गरज नाही. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हा थेंब विसरलात तर सापळा म्हणजे जेवणाचं ताट. चिलट इतकं हलकं की पाण्याचा ताणलेला पृष्ठभाग त्याला तोलून धरतो. ते उतरतं, पितं आणि उडून जातं. साबणानं तो ताण तुटतो आणि चिलट सरळ खाली जातं. जास्त घालू नये, फेस आला की वास दबतो. वर कागदाचा शंकू, टोक खाली, टोकाला ज्वारीचा दाणा जाईल एवढं भोक. आत गेलेलं चिलट बाहेर पडायला वर आणि उजेडाकडे धडपडतं, शंकूच्या कडेकडेनं फिरत राहतं आणि मधलं भोक त्याला सापडत नाही.

सापळा जिथं ओल सापडली होती त्याच्याजवळ ठेवायचा. तिसऱ्या दिवशी पाणी बदलायचं, हे टाळू नका. केळं आठवडाभर तसंच राहिलं तर कडेला लागलेल्या लगद्यात अंडी पडतात आणि तुम्ही स्वतःच चिलटांची पैदास सुरू करता.

काय करू नये, हेही आलंच. कापूर, लवंग, कडुनिंबाचा धूर यांनी चिलटं तासभर खोली बदलतात. डासांचा फवारा उघड्या फळांवर, ओट्यावर मारला तर चिलटांपेक्षा तुमच्याच पोटात जास्त जातो. आणि कापूस-मिरचीच्या या जिल्ह्यात घराघरांत पडवीच्या फळीवर अर्धवट उरलेली कीटकनाशकाची बाटली असते. तिचं झाकणभर औषध पाण्यात घालून मोरीत किंवा डब्यात शिंपडायचा मोह होतो. ती औषधं शेतासाठी आहेत, तिथंही जपून. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते मोकळ्या रानात. चार भिंतींच्या आत, भाकरीच्या टोपलीशेजारी, त्या बाटलीला हात लावायचं कारण नाही.

आणखी एक घोटाळा कृषी सेवा केंद्रात होतो. 'फळमाशीचा सापळा द्या' म्हटलं की दुकानदार मिथाईल युजेनॉलच्या गोळीचा सापळा देतो, आणि घेणारा तो आणून स्वयंपाकघरात टांगतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळाही याच जातीचा. सापळा उत्तम आहे, पण वेगळ्या माशीसाठी. बागेतली फळमाशी घरमाशीएवढी, पंख पारदर्शक, कंबर बारीक. ती झाडावरच्या चांगल्या आंब्याला, पेरूला अंडी टोचते. मिथाईल युजेनॉलच्या वासावर तिचे नर येतात, चिलटं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. २०१४ मध्ये युरोपीय संघानं भारतीय आंबा बंद केला तो हिच्या अळ्या पेट्यांत सापडल्यामुळे, पुढच्या वर्षी बंदी उठली. घरी चिरलेल्या आंब्यात पांढरी अळी निघाली आणि ताटात टाकल्यावर ती अंगाचं वेटोळं करून टुणकन उडाली, तर ती फळमाशीची. तिला कोष करायला माती लागते, त्यामुळे फरशीच्या घरात तिचं कुटुंब वाढत नाही. असं फळ उकिरड्यावर टाकू नये, खोल पुरावं, नाहीतर त्याच मातीतून निघून ती पुढच्या आंब्यांवर येते.

ओल काढल्यापासून पहिले दोन दिवस सापळ्यात भरपूर चिलटं पडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी झाली म्हणून हुश्श करावं तर सहाव्या दिवशी पुन्हा थोडी दिसतात. ती नजरेतून सुटलेल्या कोषांतली, घाबरायचं कारण नाही. त्यांना अंडी घालायला ओली जागा मिळाली नाही की बाराव्या दिवसापर्यंत सापळा रिकामा राहू लागतो. दोन आठवड्यांनंतरही सापळा रोज तितकाच भरत असेल तर समजावं, घरात एखादी जागा राहिलीय किंवा चिलटं बाहेरून येताहेत.

बाहेरून म्हणजे बहुतेक वेळा परसातून. पपईची काढणी चालू असताना बाजूला काढलेल्या फळांचा ढीग वाड्याच्या मागे, खिडकीपासून पाच-दहा पावलांवर पडलेला असतो, आणि वाऱ्याची दिशा तिकडून घरात असते. त्या ढिगापुढे आपला सापळा काय पुरणार? गुरांना घालण्यासारखं त्याच दिवशी घालावं. उरलेलं पुरायचं तर गुडघाभर खोल खड्ड्यात, वर किमान फूटभर माती, पायानं दाबून. नुसती वरवर माती लोटली तर सैल मातीतून चिलटं बाहेर येतात. खड्डा खणायला माणूस नसेल तर युरियाच्या रिकाम्या गोणीचं आतलं प्लॅस्टिक किंवा मोठी काळी पिशवी घ्यावी, फळं तिच्यात भरून तोंड सुतळीनं करकचून बांधावं आणि पिशवी छपरावर, पत्र्यावर टाकावी. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत आतली अळी, कोष सगळं शिजून जातं. मग पिशवी कापून लगदा खताच्या खड्ड्यात रिकामा करता येतो. फक्त छपरावर माकडं येत असतील तर पिशवीवर नुसता दगड ठेवून भागत नाही, पिशवीच दोरीनं खांबाला बांधलेली बरी.